गाडीतले वायरलेस चार्जर : वणीचा रस्ता आणि मे महिन्याचे ऊन

मोटारीत फोन वायरशिवाय चार्ज करणारी साधने आता तालुक्याच्या गावीही मोबाइलच्या दुकानांत टांगलेली दिसतात आणि त्यांच्या खोक्यांवर 'फास्ट' हा शब्द ठळक छापलेला असतो. मी पशुवैद्यक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून घाटंजी, मारेगाव, वणी आणि झरी जामणीकडची गावे हा माझा नेहमीचा फेरा असून माझ्या कामात वेगापेक्षा भरवशाला जास्त किंमत आहे. अडलेल्या गाईसाठी रात्री बोलावणे आले, तर वाटेत शेतकऱ्याचा फोन उचलता आला पाहिजे आणि गोठ्यात पोहोचल्यावर फोनचा टॉर्च लावता आला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा असते. त्यामुळे या परीक्षणात तीन प्रकारची साधने मी एकाच कसोटीवर पाहिली आहेत : खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि आमच्याकडच्या उन्हात, गाडीत ठेवलेला फोन मुक्कामी पोहोचेपर्यंत खरोखर चार्ज होत राहतो का?

पहिला प्रकार म्हणजे कंपनीकडूनच गाडीत बसवून आलेला, गिअरच्या पुढच्या कप्प्यातला पॅड. दुसरा म्हणजे मोटरवर उघडझाप करणाऱ्या हातांनी फोन पकडणारा स्टँड. तिसरा म्हणजे एसीच्या जाळीला अडकवायचा चुंबकी चार्जर. पॅड माझ्या पुतण्याच्या एसयूव्हीमध्ये आहे. उरलेले दोन माझ्या साध्या हॅचबॅकमध्ये वापरले. फोन दोन होते, एक आयफोन १३ आणि दुसरा नथिंग फोन (१), ज्यात वायरलेस चार्जिंग आहे पण पाठीत चुंबक नाहीत. निर्णय आधीच सांगून टाकतो. चुंबकी चार्जर योग्य अडॅप्टरवर लावणार असाल तर अवश्य घ्यावा, हातांचा स्टँड आमच्या रस्त्यांसाठी घेऊ नये आणि निव्वळ पॅडसाठी गाडीचे वरचे मॉडेल घेऊ नये.

हा निर्णय समजण्यासाठी ही साधने चालतात कशी, हे थोडे पाहावे लागते. पॅडमधल्या तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि फोनच्या पाठीमागच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते. यासाठीचे क्यूआय हे मानक वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या २००८ साली स्थापन झालेल्या संस्थेने २०१० मध्ये आणले, तेव्हा ते ५ वॉटपुरते होते. पुढे त्यात १५ वॉटपर्यंतची सोय झाली. या व्यवस्थेत फोन आणि पॅड यांचे बोलणे अखंड चालू असते. फोन किती शक्ती हवी ते कळवतो आणि पॅड त्याप्रमाणे देतो. ठरावीक वेळात फोनकडून संदेश आला नाही, तर पॅड वीज थांबवतो आणि समोर कोणी आहे का, हे पुन्हा नव्याने शोधू लागतो. गाडीत अनेकांना जी 'बंद-चालू, बंद-चालू' अशी तक्रार जाणवते, तिचे मूळ बहुधा या थांबण्या-शोधण्यात असते. दोन्ही वेटोळी नेमकी समोरासमोर आणि एकमेकांपासून काही मिलिमीटरच्या आत असावी लागतात. ती थोडी सरकली तर वीज कमी पोहोचते आणि वाया गेलेली वीज उष्णता होऊन फोन व पॅड दोघांनाही तापवते. जास्त सरकली तर संबंधच तुटतो.

आता कप्प्यातला पॅड पाहू. हैदराबादकडे जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, तो नीट चालतो आणि पुतण्याला त्याचे कौतुकही आहे. तीच गाडी वणीच्या कोळसा खाणींकडच्या रस्त्याला लागली, की चित्र पालटते. कोळशाच्या ट्रकांनी त्या रस्त्याची जी अवस्था केली आहे, तीत कप्प्यातला फोन दर वळणाला आणि दर खड्ड्याला इकडून तिकडे घसरतो, चार्जिंग तुटते, स्क्रीन उजळते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते. कप्पा मोठ्या फोनच्या मापाचा असल्यामुळे लहान फोन त्यात अधिकच भटकतो. बाजूच्या मोकळ्या जागेत फोमची पट्टी बसवून ते भटकणे बरेच कमी करता येते. फोनच्या खाली मात्र जाड रबर घालू नये, कारण तेवढ्याने वेटोळ्यांमधले अंतर वाढते. दुसरा दोष कप्प्याच्या जागेचा आहे. तो खाली, तिन्ही बाजूंनी बंदिस्त असतो आणि तिथे वारा पोहोचत नाही. काही गाड्यांत पॅडखाली पंखा किंवा एसीची हवा दिलेली असते. घेताना तेवढे विचारून घ्यावे. शिवाय तिथला फोन दिसत नाही. ज्याला नकाशा पाहत अनोळखी पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) किंवा तांड्यावर पोहोचायचे आहे, त्याला गाडीच्या मोठ्या पडद्याशी फोन जोडल्याशिवाय त्या कप्प्याचा उपयोग नाही.

कप्प्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वायरलेस चार्जिंगमध्ये परकी धातूची वस्तू ओळखून वीज थांबवण्याची सोय असते आणि ती आवश्यकही आहे, कारण मध्ये सापडलेले नाणे किंवा किल्ली चटका बसण्याइतकी तापू शकते. आपल्याकडे मात्र तो कप्पा सुट्ट्या पैशांचा, किल्ल्यांचा आणि सुपारीच्या डबीचाही असतो. 'चार्जर बिघडला' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींतल्या किती तक्रारी कप्पा रिकामा केल्याने मिटतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या कप्प्याकडे पाहून करावा. हेच फोनच्या पाठीलाही लागू आहे. साध्या चुंबकी होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती, मागे लावलेली धातूची अंगठी, कव्हरच्या खिशात ठेवलेले एटीएम कार्ड, यांपैकी काहीही असेल तर चार्जिंग तरी थांबेल किंवा ती वस्तू तरी तापेल, आणि कार्ड निकामी होण्याचा धोका वेगळाच. दोष कधी सॉफ्टवेअरमध्येही असतो. काही गाड्यांत वायरलेस चार्जिंग केल्यानंतर आयफोन १५ मालिकेतील फोनांचे एनएफसी, म्हणजे फोन यंत्राजवळ नेऊन पैसे भरण्यासारख्या कामांची सोय, चालेनासे होत होते आणि त्यावरचा उपाय नोव्हेंबर २०२३ मधल्या आयओएस १७.१.१ या अपडेटने आला. म्हणून नवे साधन घेण्याआधी फोन अद्ययावत करून पाहणे हा फुकटचा उपाय आहे.

हातांच्या स्टँडविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फोन समोर आला की संवेदक त्याला ओळखतो आणि हात मिटतात, ही कल्पना दुकानात फार मोहक वाटते. प्रत्यक्षात गिअर बदलताना हात जवळून गेला तरी ते उघडतात आणि फोन पायाशी येतो. हातांची पकड काही फोनांच्या बाजूच्या बटणांवरच बसते. काळ्या मातीची बारीक धूळ, जी आमच्याकडे दिवाळीनंतर गाडीच्या प्रत्येक फटीत असते, दातेरी पट्ट्यांत बसली की ते हात अडखळू लागतात. मुख्य म्हणजे वेटोळी समोरासमोर आणण्याचे काम तो स्टँड करत नाही. खालची टेकू-पट्टी वर-खाली सरकवून ते आपल्यालाच करावे लागते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन लावला की पुन्हा करावे लागते. डॅशबोर्डवर व्हॅक्यूम कपने चिकटवायचा नमुना असेल, तर एप्रिलच्या दुपारी तो कप सैल होऊन खाली पडतो. रुपये हजार-बाराशेला मिळतो म्हणून तो खपतो, एवढेच.

चुंबकी चार्जरने जुळणीचा प्रश्न जवळजवळ संपवला आहे. २०२० मध्ये आयफोन १२ सोबत ॲपलने फोनच्या पाठीत वेटोळ्याभोवती चुंबकांचे वर्तुळ बसवून ही पद्धत मॅगसेफ या नावाने आणली. तिच्याच आधारे २०२३ मध्ये क्यूआय-२ हे मानक जाहीर झाले, आणि त्यामुळे इतर कंपन्यांनाही १५ वॉटचा चुंबकी चार्जर प्रमाणित करून घेण्याचा मार्ग मोकळा झाला. फोन जवळ नेला की तो स्वतःच नेमक्या जागी बसतो. गाडी चालवताना एका हाताने, रस्त्यावरची नजर न हलवता फोन लावता येतो, ही मोठी सोय आहे. वणीच्या रस्त्यावर माझा आयफोन एकदाही निसटला नाही. चार्जिंग मात्र निसटले, आणि त्याचे कारण फोनच्या पाठीशी नव्हते, गाडीच्या सॉकेटात होते. हा भाग जरा विस्ताराने लिहितो, कारण चार्जरवर फोडले जाणारे पुष्कळसे खापर खरे तर इथे फुटायला हवे.

आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने चार्जर हातात न घेताच निदान केले : "डॉक्टरसाहेब, चार्जर बराबर हाये, तुमचा पॉइंटच ढिला हाये. गाडी उसळली का पिन मांगं सरकते." लायटरचा हा पॉइंट मुळात सिगारेट पेटवायच्या कांडीसाठी केलेला आहे. नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला तासन् तास अखंड वीज द्यायची, हा त्यामागचा हेतूच नव्हता. अडॅप्टरच्या टोकाशी एक स्प्रिंगवाली पिन आणि बाजूंना दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्या दाबावर सगळा संपर्क टिकलेला असतो. धूळ साचली, पट्ट्या वाकल्या किंवा अडॅप्टर लांबोडका असून त्याचे वजन बाहेर लोंबकळत असले, की दर धक्क्याला क्षणभर वीज जाते. तो क्षण आपल्याला जाणवत नाही. पण चार्जरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आधी अडॅप्टरशी व्होल्टेजची बोलणी, मग फोनचा शोध, मग हळूहळू शक्ती वाढवणे, इतके झाल्यावर पुढचा खड्डा येतो. दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. धक्का बसल्यावर चार्जरवरचा दिवा विझून पुन्हा लागत असेल, तर दोष सॉकेट, अडॅप्टर किंवा केबल यांत आहे. दिवा चालूच आहे किंवा लुकलुकतो आहे आणि फोन मात्र चार्ज होत नाही, तर जुळणी चुकली आहे किंवा मध्ये धातू आहे. सॉकेट साफ करून, बाजूच्या पट्ट्या जरा बाहेर काढून आणि आत पूर्ण बुडणारा आखूड अडॅप्टर लावून माझ्या गाडीतला प्रश्न मिटला. सॉकेट साफ करताना गाडी बंद असावी आणि आत धातूचे टोक घालू नये. फ्यूज उडालाच, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा, मोठा नव्हे.

दुसरा प्रश्न विजेच्या मात्रेचा. चार्जर १५ वॉटचा आहे म्हणून फोनला १५ वॉट मिळतात, असे नाही; चार्जरला मागून किती मिळते त्यावर ते ठरते. अनेक गाड्यांच्या म्युझिक सिस्टमजवळचा यूएसबी पॉइंट ५ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे ५ वॉट एवढीच वीज देतो, कारण तो पेन ड्राइव्हसाठी आहे. थोडा बरा पॉइंट २.४ अँपिअरचा, म्हणजे १२ वॉटचा असतो. वायरलेस पद्धतीत वाटेतच बराच भाग उष्णतेत जातो, त्यामुळे फोनला १५ वॉट द्यायचे तर मागून किमान २० वॉट यावे लागतात, म्हणजे साधारण ९ व्होल्टला २.२२ अँपिअर. हे काम पॉवर डिलिव्हरी (उपकरणाशी बोलून व्होल्टेज वाढवून देण्याची पद्धत) असलेला, सी प्रकारच्या तोंडाचा अडॅप्टर करतो आणि त्याला दोन्ही टोकांना सी असलेली केबलच लागते. पाच वॉटच्या पॉइंटवर महागडा क्यूआय-२ चार्जर लावणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना पंप बदलत बसणे आहे. अशा जोडणीत फोनवर चार्जिंगचे चिन्ह दिसते, पण नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि त्यात टिपेश्वर अभयारण्याच्या लगतच्या रस्त्यावर फोन रेंज शोधत असला, तर बॅटरीचा आकडा वाढण्याऐवजी उतरत जातो. चिन्ह दिसते आणि आकडा उतरतो, असे झाले की पुरवठा अपुरा आहे असे खुशाल समजावे. मी ३० वॉटचा अडॅप्टर घेतला. असा चांगला अडॅप्टर पाचशे ते हजार रुपयांत मिळतो, आणि चार्जरच्या खोक्यात सोबत आलेला लांब, बारीक वायरचा तुकडा बाजूला ठेवून एक मीटरच्या आतली जाडसर केबल वापरली. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला, तेवढा फरक एका चार्जरच्या जागी दुसरा चार्जर आणून पडला नव्हता.

गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर बॅटरीतून खूप वीज खेचते आणि त्या क्षणी लायटरचा पॉइंट बंद पडतो, त्यामुळे फोन आधी चिकटवून मग किल्ली फिरवली तर चार्जर पुन्हा सुरू होतो. क्वचित काही अडॅप्टर त्यानंतर वरच्या व्होल्टेजवर परत येतच नाहीत आणि संथ चार्जिंगवर अडकून राहतात. फोन उचलून पुन्हा ठेवला किंवा अडॅप्टर काढून लावला की ते सुटतात. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत हे वारंवार होऊ शकते, अर्थात पांढरकवड्यात त्याची भीती कमीच. उलट काही गाड्यांचा पॉइंट किल्ली काढल्यावरही चालू राहतो. अशा गाडीत चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवू नये. जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी त्यानेही खाली बसते.

आता उन्हाविषयी. शहरातल्या परीक्षणांत हा विषय दोन ओळींत संपतो, विदर्भात तसे चालत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करायची असते, आणि ॲपल व सॅमसंग आपल्या फोनांसाठी भोवतालचे योग्य तापमान ० ते ३५ अंश सांगतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या ठिकाणी मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांच्या पलीकडे जाते, आणि बाजार समितीच्या आवारात तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतली हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. अशा गाडीत बसून फोन चार्जरवर लावला, तर तो चार्ज न होणे हा बिघाड नाही. फोन स्वतःला वाचवतो आहे. आयफोन अशा वेळी तापमान उतरल्यावर चार्जिंग पुन्हा सुरू होईल अशी सूचना देतो किंवा ८० टक्क्यांवर थांबून राहतो. इतर फोन न सांगता वेग कमी करतात. वायरने चार्ज करतानाही हे घडते, पण वायरलेस चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज नेमकी फोनच्या पाठीवर, बॅटरीलगत उष्णता होऊन साठत असल्यामुळे ते फार लवकर घडते. त्यात नकाशा, काचेतून थेट स्क्रीनवर पडणारे ऊन आणि गाडीच्या पडद्याशी वायरलेस जोडलेले कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, ही सगळी कामे फोनला आतून तापवत असतात.

यामुळेच आमच्या भागात एसीच्या जाळीवरची जागा सर्वांत चांगली ठरते. थंड हवा चार्जरच्या पाठीवर आणि फोनच्या कडांवरून सतत वाहते, आणि डॅशबोर्डवर जो फोन थोड्याच वेळात हार मानतो, तोच फोन जाळीवर नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांतही चार्ज होत राहतो. मात्र आधी एसी चालू करून गाडी थंड होऊ द्यावी आणि मगच फोन लावावा. घाईत नेमके हेच राहून जाते. एसीशिवाय, काचा उघड्या ठेवून जाणाऱ्यांनी एप्रिल ते जूनमध्ये दुपारी वायरलेस चार्जिंगची आशा धरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. मागे पंखा असलेले किंवा विजेवर थंड होणाऱ्या चकतीचे चार्जरही बाजारात आहेत. ते उपयोगी पडतात, पण वीज जास्त घेतात आणि पंख्याची बारीक घरघर ऐकावी लागते. कापसाच्या वेचणीच्या हंगामातली धूळ व तंतू त्या पंख्यात जाऊन बसतात, हा भाग वेगळा. हिवाळ्यात पहाटे काच साफ करायला गरम हवा सोडली, तर ज्या जाळीवर फोन आहे ती जाळी बंद करावी. गाडी उभी करून जाताना फोन चार्जरवर सोडून जाणे कोणत्याच ऋतूत बरे नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

जाळीवर अडकवण्याचे दोन प्रकार आहेत. नुसत्या चिमट्याने धरणारा प्रकार जड फोन सहन करत नाही. जाळीची पट्टी खाली वळते किंवा मोडते, आणि मोडलेल्या पट्टीसाठी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण जाळीच बदलावी लागते. पट्टीच्या मागे आकडा जाऊन स्क्रूने आवळला जाणारा आणि खाली डॅशबोर्डला टेकणारा पाय असलेला प्रकार घ्यावा. गोल जाळीच्या गाड्यांत हे आकडे नीट बसत नाहीत. तिथे डॅशबोर्डवर चिकटवायचा पाया घेऊन तो जाळीच्या शक्य तितका समोर बसवणे, हाच मार्ग उरतो.

फोन कोणता आहे, हे पैसे देण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे. गावाकडे ज्या किमतीचे फोन जास्त वापरले जातात, त्यांतल्या बहुतेकांत वायरलेस चार्जिंग नसतेच, आणि दुकानदार 'चालेल' म्हणाला म्हणून ते येत नाही. आयफोन ८ पासून पुढच्या जवळपास सर्व आयफोनांत, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत आणि गुगल पिक्सेलच्या बऱ्याच फोनांत ते आहे. चुंबक मात्र सगळ्यांत नाहीत. आयफोन १६ई मध्ये वायरलेस चार्जिंग ७.५ वॉटपर्यंत आहे, पण मॅगसेफ नाही. गॅलेक्सी एस२५ ला चुंबकांसाठी वेगळे कव्हर लागते. नथिंग फोन (१) मी चुंबकी वर्तुळ असलेल्या कव्हरात घालून वापरला. पकड आयफोनपेक्षा किंचित ढिली वाटली, तरी वणीच्या रस्त्यावर तो निसटला नाही. वर्तुळाचे स्टिकर स्वतंत्रही मिळतात, पण ते नेमक्या वेटोळ्याभोवती चिकटवावे लागते, जरा वर-खाली झाले की चुंबकाचा सगळा फायदा जातो. कव्हर पातळ असावे. चामड्याच्या जाड घडीच्या कव्हरात ठेवलेला फोन चार्जरला सापडतच नाही. क्यूआय-२ प्रमाणित चार्जरवर आयफोन १३ ला १५ वॉटपर्यंत मिळू शकतात, त्यासाठी आयओएस १७.२ किंवा त्यापुढचे सॉफ्टवेअर हवे. खोक्यावर नुसते 'मॅगसेफ कम्पॅटिबल' लिहिलेल्या प्रमाणपत्र नसलेल्या चार्जरवर तोच फोन ७.५ वॉटच घेतो. खोक्यावरचे चिन्ह खरे की छापलेले, याची शंका आल्यास वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर प्रमाणित वस्तूंची यादी उघडून मॉडेल शोधता येते.

वेगाचीही थोडी कल्पना असावी. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. अखंड १५ वॉट मिळाले, तरी ती भरायला सव्वा तासाच्या वर लागेल, आणि चालत्या गाडीत अखंड १५ वॉट कधीच मिळत नाहीत. पांढरकवडा ते वणी अशा जाण्यायेण्यात फोन भरून निघेल ही अपेक्षा गैर आहे. उतरू न देता हळूहळू वर नेणे एवढे काम चुंबकी चार्जर नीट करतो, आणि दिवसभर छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्याला तेवढे पुरते. नागपूरला किंवा समृद्धी महामार्गाने त्याहून लांब जाताना मी सरळ वायर लावतो. त्याच ३० वॉटच्या अडॅप्टरवर वायरने फोन लवकर भरतो आणि कमी तापतो. म्हणून दोन तोंडांचा अडॅप्टर घेणे सोयीचे, एका तोंडावर चार्जर कायम लावलेला आणि दुसरे वायरसाठी मोकळे. पिकअप आणि ट्रॅक्टरचे चालकही हे साधन विचारतात, त्यांनी अडॅप्टरवर १२–२४ व्होल्ट लिहिलेले पाहून घ्यावे. ट्रकच्या २४ व्होल्टच्या पॉइंटवर नुसत्या १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर तो जळू शकतो.

चुंबकी चार्जरला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण किमतीचा कापला, कारण प्रमाणित नमुने दोन-अडीच हजारांच्या पुढेच मिळतात आणि चांगला अडॅप्टर व केबल त्यात धरलेली नसते. अडॅप्टर मी पांढरकवड्यातल्याच दुकानातून घेतला. दुकानदार गाडीपर्यंत आला, सॉकेटात लावून पाहिला, आणि सहा महिन्यांत बिघडल्यास बदलून देण्याचे बिलावर लिहून दिले. चार्जर मात्र तालुक्यात प्रमाणित मिळत नसल्याने ऑनलाइन मागवावा लागला. वस्तू आमच्या पिनकोडवर पोहोचते, पण परत न्यायला माणूस येतोच असे नाही. तेव्हा परतीची सोय आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासावे, आणि खोके निदान एखादा मे महिना जाईपर्यंत फेकू नये.